दारूबंदीच्या जिल्ह्यातील मोह

मार्च महिना सरत आला की वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) तालुक्यांतील रानात उजाडण्यापूर्वीच माणसांची चाहूल लागते. हातात टोपली, डालगी घेऊन बायका-मुले झाडाखाली वाकलेली दिसतात. हवेत एक गोडसर, किंचित उग्र असा दर्प भरलेला असतो आणि जमिनीवर फिकट पिवळ्या, रसरशीत फुलांचा सडा पडलेला असतो. हा मोहाचा हंगाम होय. साग, ऐन, तेंदू आणि बांबूच्या या शुष्क पानझडी जंगलात उन्हाळ्याच्या तोंडावर गरिबाच्या घरात चार पैसे आणणारी जी थोडी झाडे आहेत, त्यांत मोहाचा क्रमांक वरचा आहे.

हे झाड वर्धेकरांना अपरिचित नाही. अडचण वेगळीच आहे. ज्या झाडांखाली ही वेचणी चालते, ती बहुतेक जुनी, आज्या-पणज्यांच्या काळापासून उभी असलेली झाडे आहेत. त्यांच्या सावलीत कंबरेएवढे किंवा पुरुषभर उंचीचे मोहाचे रोप शोधू गेल्यास ते क्वचितच सापडते. फुले वेचली जातात, त्यानंतर फळे आणि बियाही वेचल्या जातात, मधल्या काळात झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि यातून जे एखादे रोप वाचते त्याला गुरे खातात. मोह लावण्याची रीत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. तो आपोआप उगवतो आणि पुढेही उगवत राहील, अशी सर्वांची समजूत आहे. म्हणूनच या वृक्षाची नीट ओळख आणि त्याच्या लागवडीची पद्धत या दोन्ही गोष्टी माहीत असणे आवश्यक ठरते.

चिकू आणि बकुळीचा भाऊबंद

संस्कृतातील मधूक तोच मराठीतील मोह, मोहा किंवा मोहवा. शास्त्रीय नावातही हा मधूक कायम आहे. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेले नाव मधुका लाँगिफोलिया असे आहे. विदर्भात आणि एकूणच मध्य भारतात आढळणारा मोह हा त्यातील रुंद पानांचा, म्हणजे लॅटिफोलिया हा प्रकार. तर दक्षिणेत, विशेषतः तमिळनाडूत, अरुंद लांब पानांचा प्रकार आढळतो आणि तेथे त्याला इलुप्पै म्हणतात. जुन्या ग्रंथांत बासिया लॅटिफोलिया, मधुका इंडिका अशी नावेही भेटतात. नावे तीन असली तरी झाड एकच आहे, हे लक्षात ठेवल्यास घोटाळा होत नाही.

मोह ज्या कुळातला आहे त्यात चिकू, खिरणी आणि बकुळ यांचा समावेश होतो. सेवाग्राम आश्रमाच्या आवारात कस्तुरबांनी लावलेली म्हणून जी बकुळ दाखवली जाते, ती या नात्याने मोहाची जवळची आप्त ठरते. या कुळाची मोठी खूण म्हणजे पांढरा चीक. कच्चा चिकू चिरल्यावर सुरीला जो चीक चिकटतो, तसाच चीक मोहाचे पान देठापाशी तोडले किंवा सालीला ओरखडा काढला की पाझरतो.

वर्षभरातील ओळख

पूर्ण वाढलेला मोह १२ ते २० मीटर उंच होतो. खोड आखूड व जाड, आणि त्यावर चहूबाजूंनी पसरलेला गोलाकार, दाट डेरा असे त्याचे रूप असते. शेताच्या धुऱ्यावर एकट्या वाढलेल्या झाडात हा डेरा विशेष उठून दिसतो. जंगलातील गर्दीत मात्र खोड सरळ उंच जाते. साल करडी ते गडद तपकिरी असते, तिला उभ्या-आडव्या भेगा पडून बारीक तुकडे झालेले असतात आणि आतली साल लालसर असते.

पाने फांदीभर विखुरलेली नसतात, ती फांद्यांच्या टोकांशी झुबक्याने येतात. ओळखीसाठी ही खूण फार उपयोगी आहे. प्रत्येक पान साधे, लंबगोल, चामड्यासारखे जाड आणि अखंड कडेचे असते. लांबी १० ते २५ सेंटिमीटर. शिरा ठळक आणि समांतर जाणाऱ्या असतात. फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होते आणि फुलांच्या ऐन बहरात झाड जवळजवळ निष्पर्ण असते. एप्रिल-मे महिन्यांत येणारी नवी पालवी तांबूस, काही झाडांवर तर थेट तांब्याच्या रंगाची असते. रणरणत्या उन्हात सगळे रान करपलेले असताना हा तांबडा डेरा दुरूनही ओळखू येतो.

फुले मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत येतात. पर्णहीन फांद्यांच्या टोकांशी तपकिरी लवेने मढलेल्या कळ्यांचे घोस खाली लोंबू लागतात. आतली फुले रात्री उमलतात. पाकळ्या एकमेकींना जुळून झालेली ती एक लहानशी, फुगीर, मांसल कुपी असते. रंग साईसारखा, चव गोड. पहाटे ही कुपी आतल्या पुंकेसरांसह गळून पडते आणि लांब, सुईसारखी कुक्षिवृंताची काडी मात्र झाडावरच्या हिरव्या निदलात शिल्लक राहते. खाली पडलेल्या फुलाला त्यामुळे आरपार छिद्र असते आणि ते दोऱ्यात सहज ओवता येते. वटवाघळे रात्री या फुलांवर तुटून पडतात आणि परागणालाही त्यांची मदत होते. जमिनीवर पडलेली फुले चितळ, सांबर, भेकर यांना प्रिय आहेत. अस्वलाचे या फुलांवरचे प्रेम तर सर्वश्रुत आहे. पहाटेच्या अंधारात मोह वेचायला जाणाऱ्यांची अस्वलाशी गाठ पडण्याचे प्रसंग विदर्भातील जंगलांना नवे नाहीत.

जून-जुलैपर्यंत फळे पिकतात. हिरवट, अंडाकृती, २ ते ५ सेंटिमीटर लांबीच्या या गरदार फळात एक ते चार चकचकीत तपकिरी बिया असतात. या फळा-बियांना टोळ, टोळंबी, तर विदर्भात बऱ्याच ठिकाणी टोरी असेही म्हणतात.

मोहाशी गल्लत होऊ शकेल अशी दोन झाडे याच जंगलात आहेत. पहिले कुंभा. त्याचीही मोठी पाने फांदीच्या टोकाशी गोळा होतात आणि तोही उन्हाळ्यात फुलतो. पण कुंभ्याच्या पानाची कड बारीक दातेरी असते, पान तोडल्यावर चीक येत नाही आणि फूल मोठे, असंख्य पुंकेसरांचा झुपका असलेले असते. दुसरे झाड बिब्बा. त्याची पाने आणखी मोठी व खालून फिकट असतात. येथे मात्र चीक पाहण्याचा प्रयोग जपून करावा, कारण बिब्ब्याचा रस हवा लागताच काळा पडतो आणि कातडीवर फोड आणतो. झाड मोहच आहे अशी पानांवरून आधी खात्री पटल्याशिवाय सालीला हात लावू नये, हे उत्तम.

फूल, आग आणि रोप

एक झाड सर्वसाधारणपणे दोन ते तीन आठवडे फुले ढाळते. फुले सूर्य वर येण्याआधी उचलावी लागतात. उन्हात ती लवकर काळवंडतात आणि माती चिकटते. घरी आणून ती अंगणात, छपरावर पसरून वाळवली जातात. वाळताना त्यांचे बरेचसे वजन उतरते, रंग तांबूस-तपकिरी होतो आणि ती मनुकांसारखी सुरकुततात. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचाच असतो. झाडाचे वय, जमीन आणि त्या वर्षीचे हवामान यांवर उत्पन्न अवलंबून असते. ऐन बहरात अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर हंगामच हातचा जातो. झाडाझाडांतही फार फरक असतो. एकाच धुऱ्यावरच्या दोन झाडांपैकी एक दरवर्षी लगडते आणि दुसरे वर्षाआड कसेबसे फुलते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. लागवडीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची असून तिचा उल्लेख पुढे येईल.

फुले दिसावीत आणि वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी प्रथा आहे. हीच प्रथा या वृक्षाच्या मुळावर आली आहे, असे म्हणावे लागते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत एका झाडाखाली लावलेली काडी वाऱ्याबरोबर रानात शिरते. वणव्याची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांत मोहफुलांसाठी लावलेली आग हे एक मान्य कारण आहे. मोठा मोह तिच्यातून वाचतो, त्याची जाड साल त्याला तारते. पण त्याच्या बुडाशी गेल्या पावसाळ्यात उगवलेले बोटभर रोप जळून जाते. हे दरवर्षी घडत राहिले की जुने झाड कोसळल्यावर तेथे दुसरे उभे राहत नाही.

यावर उपाय महागडा नाही. झाडाखाली नायलॉनची जाळी, जुन्या साड्या किंवा गोणपाट अंथरले तर आग लावण्याची गरज उरत नाही. शिवाय फुले मातीविरहित, स्वच्छ मिळतात आणि अशा फुलांना खाद्यपदार्थांसाठी अधिक मागणी असते. पाचोळा झाडून बाजूला ढीग करून ठेवला तरी काम भागते. त्या पाचोळ्याचे उत्तम खतही होते.

सडव्याचा डाग

वर्धा जिल्ह्यात मोहाचे नाव काढताच बहुतेकांच्या मनात पहिले चित्र येते ते पोलिसांनी नाल्याकाठी उलटवलेल्या पिंपांचे. महात्मा गांधी १९३६ मध्ये सेगाव येथे राहावयास आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. या वास्तव्यामुळे वर्धा हा गांधी जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापासून येथे दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून लागू झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वर्धेत ती कायम आहे. सभोवतालच्या जिल्ह्यांत मात्र दुकाने उघडी असल्याने बाहेरून येणारी दारू आणि गावठी मोहा दारू या दोन्हींविरुद्ध पोलिसांच्या मोहिमा सतत चालू असतात. मोहा सडवा नष्ट केल्याची बातमी वृत्तपत्रांत इतकी नित्याची झाली आहे की, मोह म्हणजे सडवा आणि सडवा म्हणजे गुन्हा, असे समीकरण शहरी वाचकाच्या मनात पक्के बसले आहे. हातभट्टीत गूळही वापरला जातो, पण म्हणून उसाला कोणी नावे ठेवत नाही. मोहाच्या वाट्याला मात्र ही बदनामी आली.

या फुलाकडे संशयाने पाहण्याची परंपरा दारूबंदीहूनही जुनी आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहफुलांसाठी कायदा करण्यात आला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील फुलांच्या साठवणीवर व विक्रीवर निर्बंध आले. त्यामागे अबकारी उत्पन्नाचे कारण होते. घरोघरी दारू गाळली गेली तर सरकारी मक्त्याची दारू विकणार कोणाला, हा तो प्रश्न. स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांचा साठा, वाहतूक आणि विक्री यांवर नियंत्रण राहिले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी कुटुंबांचा गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांवरील निर्बंध सैल केले. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत मोहफुलांचा समावेश असून २०२० च्या सुधारणेत वाळलेल्या फुलांना किलोमागे ३० रुपये दर ठरवण्यात आला होता. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये निराळीच वाट धरून आदिवासींच्या पारंपरिक मोहमद्याला वारसा मद्य म्हणून परवाना देण्याचे धोरण स्वीकारले. वर्धेत अर्थातच तो मार्ग खुला नाही. येथे मोहाची किंमत वाढवायची असेल तर ती खाद्यपदार्थ, तेल आणि चारा यांतूनच वाढवावी लागेल. बोर व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रात वनोपज गोळा करण्यावर निराळी बंधने आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

ताटातील मोह

मोह हे मुळात अन्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतावर लागोपाठ दुष्काळ कोसळले तेव्हा जंगलालगतच्या असंख्य कुटुंबांनी मोहफुलांवर दिवस काढले. वाळवलेली फुले भाजून तिळाबरोबर कुटून लाडू केले जातात. फुले शिजवून त्यांचा गोड रस कणकेत मिसळून पुऱ्या, पोळ्या करतात. ज्वारीच्या पिठात मिसळून भाकरीही थापली जाते. कच्च्या फळांच्या गराची भाजी होते. वाळलेली फुले वापरण्यापूर्वी आतले पुंकेसर झटकून काढावेत आणि फुले दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावीत. नाही तर घशाला खवखवते. गोंड आणि कोलाम समाजात तर या झाडाला देवत्वाचा मान आहे, आणि लग्नाच्या मांडवात मोहाच्या डहाळीला स्थान असते.

बियांच्या गरात साधारण ३५ ते ५० टक्के तेल असते. हे पिवळसर तेल हिवाळ्यात तुपासारखे थिजते. ते खाण्यासाठी, दिव्यासाठी आणि भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी वापरतात. साबणाच्या कारखान्यांनाही ते लागते. वर्धा शहरातील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ नंतर सुरू झाले, तेव्हा तेलघाणीत सुधारणा हा त्या कामाचा एक ठळक भाग होता आणि त्यातूनच वर्धा घाणी हे नाव देशभर गेले. मोहाची टोळ याच प्रकारच्या घाणीत गाळता येते. तेल काढल्यावर उरणारी पेंड मात्र गुरांना सरसकट घालता येत नाही, कारण तिच्यात सॅपोनिन नावाची विषारी द्रव्ये असतात. पाण्यात टाकल्यास मासे मरतात, आणि मत्स्यशेतीत नको असलेले मासे काढून टाकण्यासाठी तळ्यात ती मुद्दाम वापरली जाते. शेतात खत म्हणून ती चांगली. गांडुळांना मात्र ती मारक आहे.

लागवड

मोहाच्या लागवडीतील सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे बियांचे अल्पायुष्य. चिंच किंवा बाभळीच्या बिया डब्यात भरून वर्षभराने पेरल्या तरी उगवतात. मोहाच्या तशा उगवत नाहीत. फळातून काढल्यावर काही आठवड्यांतच त्यांची उगवणशक्ती झपाट्याने घटते आणि त्या वाळवून ठेवल्या तर संपतेच. हौसेने उन्हाळ्यात लावू म्हणून जपून ठेवलेल्या बिया याच कारणाने वाया जातात. जून-जुलैत झाडाखाली पडलेली पिकलेली फळे गोळा करावीत, गर कुस्करून बिया धुऊन घ्याव्यात, सावलीत एक दिवस पाणी निथळू द्यावे आणि आठवड्याच्या आत पेरणी उरकावी. एका किलोत सुमारे साडेचारशे बिया बसतात. बिया घेण्यासाठी झाड निवडताना दरवर्षी भरपूर फुलणारे, निरोगी झाड पाहावे. बियांपासून आलेले रोप आईबापांचे गुण तंतोतंत घेईलच असे नाही. तथापि वांझोट्या झाडाखालच्या बिया घेण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पेरणी पिशवीत करावी. मोहाचे सोटमूळ वरच्या खोडापेक्षा कितीतरी वेगाने खाली जाते. वाफ्यात उगवलेले रोप उपटून लावले तर हे मूळ तुटते आणि रोप सहसा जगत नाही. म्हणून पिशवी शक्य तितकी उंच घ्यावी. दोन भाग माती, एक भाग रेती आणि एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण भरून बी आडवे ठेवून दीड ते दोन सेंटिमीटर खोल दाबावे. दोन ते चार आठवड्यांत कोंब येतो. पहिल्या वर्षी वरची वाढ संथ, जेमतेम वीतभर असते. त्यामुळे रोप खुरटले अशी शंका घेऊन ते टाकून देऊ नये. त्या काळात जमिनीखाली मूळ बांधले जात असते. पिशवीच्या तळातून मूळ बाहेर येऊन जमिनीत शिरू नये म्हणून पिशव्या अधूनमधून हलवाव्यात.

रोप एक वर्षाचे झाले की पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर ते कायमच्या जागी लावावे. त्यासाठी उन्हाळ्यातच ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू द्यावेत आणि नंतर पोयटा व शेणखताने भरावेत. दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर हवे. याहून कमी अंतरात डेरा पसरत नाही आणि फुले डेऱ्याच्या टोकांनाच येत असल्याने उत्पन्न घटते. ज्यांना रोपांचा खटाटोप नको, त्यांनी पावसाळ्यात थेट जागेवरच एका आळ्यात दोन-तीन ताज्या बिया टोकल्या तरी चालते. सोटमुळाला धक्का लागत नसल्याने हा मार्ग धुऱ्यासाठी अधिक सोयीचा आहे. फक्त साळिंदर, डुक्कर आणि उंदीर यांपासून बिया राखाव्या लागतात.

जमिनीच्या बाबतीत मोह मुळीच चोखंदळ नाही. मुरमाड, बरड, दगडगोट्यांची जमीन त्याला चालते. त्याला सोसत नाही ते साचलेले पाणी. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या पट्ट्यातील खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी धरून राहते, तेथे मधोमध लावण्याऐवजी उंच धुऱ्यावर किंवा नाल्याच्या चढावर मोह लावणे योग्य. आर्वी, कारंजा, सेलू या तालुक्यांतील उताराच्या हलक्या जमिनी मात्र त्याला मानवतात. वर्धेचा ४५ अंशांपुढे जाणारा उन्हाळा मोठे झाड सहज सोसते. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत रोपाला आठवड्यातून एकदा पाणी आणि बुडाशी पाचोळ्याचे आच्छादन मिळाले म्हणजे पुरे. गुरे आणि शेळ्या यांच्यापासून काट्यांचे कुंपण आवश्यक आहे, कारण मोहाचा कोवळा पाला त्यांना आवडतो. झाडाला भरपूर ऊन हवे असते, मोठ्या झाडाच्या दाट सावलीत ते खुरटते.

बियांपासून वाढवलेल्या मोहाला फुले येण्यास ८ ते १५ वर्षे लागतात. शेतकरी मोह लावत नाहीत त्याचे हेच खरे कारण असावे. यावर कलमांचा उपाय आहे. गुजरातेत गोध्र्याजवळच्या वेजलपूर येथील केंद्रीय फलोत्पादन प्रयोग केंद्राने भरघोस फुलणाऱ्या झाडांतून निवड करून थार मधू हे मोहाचे वाण विकसित केले आहे. मृदुकाष्ठ पद्धतीने, म्हणजे रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर निवडक झाडाची काडी बांधून, मोहाचे कलम करता येते. कलमी झाड बियांच्या झाडापेक्षा बरीच वर्षे आधी फुलते आणि काडी ज्या झाडाची, त्याचेच गुण त्यात उतरतात. वर सांगितलेला एका धुऱ्यावरच्या दोन झाडांतील फरक येथे कामी येतो. गावातले सर्वांत लगडणारे झाड कोणते, हे वेचणाऱ्या बायकांना नेमके ठाऊक असते. काडी त्याच झाडाची घ्यावी.

रोगकिडींचा उपद्रव तुलनेने कमी. खरा शत्रू बांडगूळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याचे बी फांदीवर रुजते, मुळे फांदीत शिरतात आणि काही वर्षांत ती फांदी सुकते. मोहावर बांडगूळ विशेष प्रमाणात येते. पानगळीच्या दिवसांत झाड उघडे पडले की त्याचे हिरवे झुबके स्पष्ट दिसतात. नुसते बांडगूळ ओढून काढण्यात अर्थ नाही, तळातून ते पुन्हा फुटते. चिकटलेल्या जागेच्या थोडे खालून फांदीच छाटावी.

छाटणीपलीकडे जाऊन झाडच तोडायचे झाल्यास कायद्याची परवानगी लागते. महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड नियमन अधिनियमातील अनुसूचित वृक्षांत मोहाचा समावेश आहे. त्यामुळे झाड खासगी शेतात असले तरी सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. शहरांत १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

शहरातील जागा

नागपूर, वर्धा, अमरावतीसारख्या शहरांत मोह लावावा की नाही, हा प्रश्न जागेचा आहे. पंचवीस-तीस फुटांच्या अंगणात तो लावू नये. इमारतीपासून किमान ८ ते १० मीटर अंतर ठेवता येईल असे महाविद्यालयाचे आवार, मोठे उद्यान, तलावाचा काठ ही त्याची ठिकाणे. वाहनतळावर तर मुळीच नको, कारण फुलांचा गोड, चिकट सडा गाड्यांवर पडतो, त्यावर माश्या-मुंग्या येतात आणि दोन दिवसांत तो आंबू लागतो. रात्रीच्या वटवाघळांची तक्रारही होणारच. मात्र जेथे मोकळी जागा आहे, तेथे उन्हाळ्यात पाण्यावाचून तग धरणारा आणि पक्ष्यांना खाद्य पुरवणारा इतका दाट सावलीचा देशी वृक्ष दुसरा शोधावा लागेल.

रोपे वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतून पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळू शकतात. मागणी आधी नोंदवून ठेवणे चांगले, कारण बियांच्या अल्पायुष्यामुळे मोहाची रोपे मोजकीच तयार होतात. मागताना नाव स्पष्ट उच्चारावे. महोगनी, महारुख आणि मोई ही तीन निराळीच झाडे नामसाधर्म्यामुळे मोह म्हणून हाती पडण्याचा संभव असतो. या तिघांचीही पाने संयुक्त, म्हणजे एका लांब देठावर दोन्ही बाजूंनी अनेक पर्णिका असलेली असतात, तर मोहाचे पान सुटे आणि एकसंध असते. तरीही शंका राहिल्यास खालचे एक पान देठापाशी खुडून पाहावे. पांढरा चीक आला तर रोप घरी न्यावे.